आनंदघन : गळ्यामागची बुद्धी

लता मंगेशकर म्हटलं की आपण 'दैवी गळा' म्हणून हात जोडतो. माझी अडचण या शब्दाशीच आहे. देणगी म्हटली की विचाराचं श्रेय उरत नाही.

'आनंदघन' या नावानं लताबाईंनी आपल्या कोल्हापूरच्या भालजी पेंढारकरांच्या चित्रपटांना चाली दिल्या : 'मोहित्यांची मंजुळा' (१९६३), 'मराठा तितुका मेळवावा' (१९६४), 'साधी माणसं' (१९६५), 'तांबडी माती' (१९६९). आता चाल म्हणजे निवड. काय घ्यायचं, त्याहून काय सोडायचं.

'ऐरणीच्या देवा' ऐका. जगदीश खेबुडकरांचे शब्द, लोहाराचं घर. कुठलीही हरकत सहज घेईल असा गळा. पण संगीतकार लताबाई गायिका लताबाईंना आवरतात. कष्टाच्या घरात दागिने नकोत, हे त्यांना कळतं.

त्यांना छायाचित्रणाचाही नाद होता. कॅमेरा धरणारा स्वतः चित्रात नसतो, आनंदघनही तसेच. 'साधी माणसं'च्या संगीताला राज्य पुरस्कार मिळाला, तेव्हा नावामागची बाई लोकांना कळली.

टोपणनाव त्यांनी निवडलं. पण साठ वर्षं आपण 'गायलंय कोणी?' एवढंच विचारतो. 'चाल कोणाची?' हे कधी विचारणार?