पाचवी वस्तू

बरखेड्यात आमच्या जुन्या ओळीत एका क्वार्टरची बाग सध्या बघण्यासारखी झाली आहे. मिस्टर निवृत्त झाल्यावर आम्ही तिथून हललो, पण महिला मंडळाच्या निमित्ताने अजून महिन्यातून दोनदा जाणं होतं. फाटकातून आत शिरलं की डाव्या हाताला तांब्याचा बंब, त्यात मनी प्लँट. पुढे दगडी जातं. वरच्या तळीच्या भोकात कारंज्याची नळी बसवलेली. लाकडी उखळात जिरेनियम. तीन पितळी गुंड तिरपे ठेवून एकातून दुसऱ्यात पाणी पडेल अशी योजना. व्हरांड्यात शिलाई मशीनच्या लोखंडी पायट्यावर संगमरवरी फरशी टाकून केलेलं टेबल, आणि भिंतीला कुठल्याशा वाड्याच्या सागवानी दाराची एक फळी. सगळं जुन्या बाजारातून, कबाड्याकडून, क्वार्टर सोडून जाणाऱ्यांकडून वेचून आणलेलं.

वहिनींनी मोठ्या हौसेने विचारलं, "कसं वाटलं?" मी म्हटलं, "छान!" आणि मग तीन दिवस ते 'छान' मला टोचत राहिलं. पुस्तकावर किंवा नाटकावर आपण चार शब्द नीट विचार करून बोलतो. घराच्या सजावटीवर मात्र 'छान' म्हणून मोकळ्या होतो. खरं तर बाईचं घर हीसुद्धा वाचायची गोष्ट आहे. म्हणून ते राहून गेलेलं उत्तर आज लिहिते आहे.

आधी जे चांगलं ते. वहिनींची नजर चांगली आहे. बंबाचा तांबूस रंग आणि पानांचा हिरवा एकमेकांना किती शोभतात, हे दुकानात जाऊन प्लॅस्टिकच्या कुंड्या आणणाऱ्या आम्हाला कधी सुचलं नसतं. ही वस्ती तशी एकसारखी. १९५६ साली हेवी इलेक्ट्रिकल्स स्थापन झाली, इंग्लंडच्या एईआय कंपनीच्या तांत्रिक साहाय्याने कारखाना उभा राहिला आणि त्याच्याबरोबर बरखेडा, पिपलानी, गोविंदपुरा ही टाउनशिप. टाइपप्रमाणे क्वार्टर, क्वार्टरप्रमाणे खिडक्या. आपलं घर शेजारच्या घरापेक्षा वेगळं दिसावं ही इथल्या बायकांची जुनी तहान. ती वहिनींनी थोड्या पैशांत भागवली. शिवाय भंगारात वितळायला गेलं असतं ते डोळ्यांसमोर राहिलं. एवढं श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

मग टोचलं काय?

घरी येऊन मी बोटांवर मोजलं. उखळ, जातं, पाण्याचा गुंड. आणि मागच्या अंगणात मातीची एक चूल, तिच्यावर पणत्या मांडलेल्या. आपल्या श्रावकाचारात गृहस्थाच्या घरात रोज हिंसा घडते अशा पाच जागा सांगितल्या आहेत, त्यांना पंचसूना म्हणतात. कांडणं, दळणं, चूल पेटवणं, पाणी भरणं, झाडणं. वैदिक परंपरेतही हीच पाच नावं आहेत. लहानपणी कारंज्याला पाठशाळेत हे शिकवताना बाई म्हणायच्या, "पाचही जागी सावध राहायचं, बघून हात घालायचा." वहिनींच्या बागेत या पाचांतल्या चार वस्तू फुलं लावून उभ्या होत्या. पाचवी नव्हती. केरसुणी कोणी विकत घेऊन शोभेला लावत नाही.

का लावत नाही? केरसुणीला वजनाने भाव येत नाही म्हणून? की ती अजून आपल्या, नाहीतर आपल्याकडे येणाऱ्या बाईच्या हातात आहे म्हणून? मला दुसरं कारण खरं वाटतं. ज्या कामातून आपण सुटलो, त्याचंच साधन सुंदर दिसायला लागतं. जात्याचा खुंटा धरून पहाटे चारला बसलेल्या बाईला ते जातं कधी सुंदर दिसलं असेल असं वाटत नाही. तिने त्याच्यावर ओव्या रचल्या, पण त्या कष्ट हलके व्हावे म्हणून. वस्तू कामातून सुटली की तिच्यातला घाम वाळून जातो आणि उरतो तो आकार. त्या आकारावर आपण भाळतो. त्यात पाप नाही. पण "आजीच्या काळची आठवण" असं आपण त्याला म्हणतो तेव्हा थोडं थांबायला हवं. आजीची आठवण ठेवायची, तर तिच्या दुखऱ्या खांद्याचीही ठेवावी लागेल.

शिलाई मशीनचं तर मला जास्तच लागलं. ओळीतल्या किती घरांत एका पगारावर भागायचं नाही तेव्हा बायकांनी फॉल-पिको करून, शाळेचे गणवेश शिवून मुलांच्या फिया भरल्या. पायट्यावर चालणारे ते पाय मी पाहिले आहेत. आता त्याच पायट्यावर संगमरवर, आणि वर चहाचे कप. वरचं डोकं कुठे गेलं विचारलं, तर "ते गंजलं होतं, कबाड्याने ठेवून घेतलं." मशीनचं जे काम करायचं ते गेलं, नक्षी राहिली. या साऱ्या प्रकाराची टीका एका वाक्यात करायची, तर मी हेच वाक्य लिहीन.

पण दुसऱ्याच्या बागेवर बोट ठेवताना आपलं अंगण झाडून घ्यावं. सासूबाईंचा पितळी गुंड आमच्या घरी होता. त्यांच्या गावी विहिरीवरून पाणी आणायचं, दुहेरी कापडाने गाळायचं, मग गाळणं झटकायचं नाही, गाळलेल्या पाण्याने उलटं धुऊन ते पाणी जपून विहिरीत परत सोडायचं. गाळलेल्या पाण्याचा तो गुंड. त्याच्या गळ्याजवळ एक पोचा होता. नळाचं पाणी आलं, फिल्टर आला, आणि गुंड पलंगाखाली गेला. क्वार्टर सोडताना मी तो कबाड्याला दिला. त्याने तराजूत टाकला, किलोचा भाव सांगितला, मी नोटा मोजून घेतल्या. सासूबाई तेव्हा नव्हत्या. असत्या तर काही बोलल्या नसत्या, आणि तेच जास्त लागलं असतं.

वहिनींच्या बागेत त्या तीन गुंडांजवळ मी मुद्दाम वाकले. त्यांना वाटलं मी पाण्याची धार बघते आहे. मी पोचा शोधत होते. तिन्हींना नव्हता. हायसं वाटलं आणि लगेच लाजही वाटली. म्हणजे मी वजनावर जे विकलं ते वहिनी निदान बघण्यासाठी विकत घेतात! दोघींत जास्त दोष कोणाचा, हे मला सांगता येणार नाही.

"जुनं घेतलं म्हणजे नवं वाचलं" हा या हौसेचा मोठा आधार. तो खरा आहे, पण अटीवर. कुंडी हवीच होती आणि तिच्या जागी फुटका बंब आला, तर नवं वाचलं. पण कुंड्या आहेत, बंबही आला, मग दुसरा बंब जोडीला आला, तर वाचलं काय? उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची व्याख्या करताना वस्तूंची यादी दिली नाही. त्यांनी मनातल्या मूर्च्छेवर, गुंगीवर बोट ठेवलं. पण श्रावकाने मर्यादा घालायच्या त्यात शेत, घर, सोनं, धान्य यांच्या जोडीला कुप्य, म्हणजे कापडचोपड आणि भांडीकुंडी, आवर्जून मोजली आहेत. भांडं जुनं असलं तर ते मोजायचं नाही, अशी सवलत कुठे वाचल्याचं मला आठवत नाही. आणि या हौसेला गिऱ्हाईक वाढलं की बाजारही ओळखतो. नव्या पितळेला रसायनाने काळं-हिरवं करून 'जुनं' म्हणून विकतात. मग आपण नवीनच घेतलेलं असतं, फक्त जास्त पैसे देऊन.

मग जुन्या वस्तू कशा मांडाव्या? दोन माणसांची उदाहरणं मला नेहमी आठवतात.

पुण्याचे दिनकर केळकर. चष्म्यांचा धंदा, 'अज्ञातवासी' नावाने कविता. त्यांचा मुलगा राजा लहानपणीच गेला, आणि पुढे त्याच्या नावाने त्यांनी आपला संग्रह उभा केला. त्यांनी राजेरजवाड्यांपेक्षा घरातल्या वस्तू जमवल्या. अडकित्ते, दिवे, दौती, कंगवे, पाय घासायच्या वज्र्या. वीस हजारांच्या घरात वस्तू. पत्नी कमलाबाईंची साथ होती. तुम्ही म्हणाल, काचेत ठेवलेला अडकित्ताही कामातून गेलेलाच की! खरं आहे. पण तिथे एक अडकित्ता नसतो, अडकित्त्यांची रांग असते. कुठे पोपट, कुठे घोडा, कुठे मिथुन. बघता बघता कळतं की सुपारी कातरण्यासारख्या क्षुल्लक कामातसुद्धा कारागिराने आणि गिऱ्हाइकाने किती जीव ओतला होता. तिथे वस्तूचं नाव आणि काम दोन्ही शाबूत आहेत. तिला दुसरं काही व्हायला लावलेलं नाही.

दुसरे चंदीगडचे नेकचंद. सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्त्यांच्या कामावरचे निरीक्षक. नवं शहर वसवताना उठवलेल्या गावांतलं मोडकंतोडकं, फुटक्या बांगड्या, कपबश्यांचे तुकडे, फरश्यांचे कपचे ते १९५७ पासून सायकलवरून नेऊन जंगलात साठवत राहिले. कोणाला न सांगता बाग रचली. १९७६ मध्ये ती लोकांसाठी खुली झाली. त्यांनी वस्तूचं नाव ठेवलं नाही, सगळं बदलून टाकलं. पण त्यांनी उचललं ते ज्याला कोणी भाव देत नव्हतं ते. बांगडीचा तुकडा आधी कोणाच्या शोकेसमध्ये नव्हता.

म्हणजे मला दोन वाटा दिसतात. एक, वस्तू होती तशी ठेवा, तिचं नाव आणि काम सांगा. दोन, टाकाऊ घ्या आणि त्याचं खरोखर नवं काही करा. आपल्या बागा मधल्याच वाटेवर अडकल्या आहेत. भाव असलेली वस्तू भाव देऊन आणायची, तिचं काम काढून घ्यायचं, आणि नवं काम म्हणून फक्त दिसणं तिच्या वाट्याला द्यायचं. (आणि एक व्यवहाराची गोष्ट. भोपाळच्या पावसात बुडाला भोक नसलेल्या हंड्या-बंबांत पाणी साठतं. डेंग्यूचा डास अशाच साठल्या स्वच्छ पाण्यात आठवडाभरात तयार होतो. मग फवारणी आली. जीव जन्माला घालून मारायचे, त्यापेक्षा आधीच भोक पाडा.)

आता जे लिहायला मन होत नव्हतं ते. वहिनींच्या दिवाणखान्यात कोनाड्यात, पितळी घुबड आणि जुन्या घड्याळाच्या मध्ये, चार बोटं उंचीची धातूची पद्मासनस्थ मूर्ती होती. छातीवर श्रीवत्स नव्हतं, डोक्यावर सात फणे. पार्श्वनाथ. माझ्या हातातला कप हलला. वहिनी म्हणाल्या, "अहो, बाजारात मिळाली. किती शांत चेहरा आहे ना! मी रोज फूल ठेवते."

त्या आपल्या धर्माच्या नाहीत. त्यांच्या बोलण्यात अनादराचा लवलेश नव्हता. मी मूर्ती हातात घेतली नाही, त्यांनाच उलटी करायला सांगितली. अशा मूर्तींच्या पाठीवर लेख असतो: संवत, गण-गच्छ, भट्टारकांचं नाव, करवून घेणाऱ्याचं कुटुंब, कधी त्यातल्या बाईचंही नाव. इथे 'संवत' एवढं वाचता आलं. पुढचं सगळं विकणाऱ्याने चमक यावी म्हणून घासून काढलं होतं. कोणा एका कुटुंबाचं नाव त्या चकाकीत गेलं होतं.

मग मी त्यांना कायद्याचंही सांगितलं. १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांवरच्या मूर्ती पुरावशेष ठरतात, त्यांची नोंदणी करावी लागते आणि परवान्याशिवाय व्यापार करता येत नाही. महत्त्वाच्या हस्तलिखितांना पंचाहत्तर वर्षांची अट आहे. वहिनी घाबरल्या. "मला खरंच माहीत नव्हतं हो." मंदिरातल्या एका जाणत्या काकांशी बोलून, नोंदणीचं काय ते विचारून मूर्ती तिकडे सोपवायचं ठरलं. कोनाडा आता मोकळा आहे. मला तो घरातला सगळ्यात सुंदर कोपरा वाटतो, पण हे मी त्यांना सांगितलेलं नाही.

पण मैत्रिणींनो, ती मूर्ती बाजारात आली कुठून? चोरीची असेलही. पण असंही असेल की आपल्यातल्याच कोणाचं घरचैत्यालय बंद झालं. म्हातारी माणसं गेली, मुलं पुण्या-बंगळूरला, रोजचा अभिषेक करायला कोणी नाही. घर रिकामं करताना पेटीत जे निघालं ते एकगठ्ठा गेलं. वेष्टनातल्या पोथ्या रद्दीत, तांब्याची यंत्रं वजनावर. मी गुंड विकला तसंच. सजावट करणाऱ्यांवर रागावणं सोपं आहे. विकणारे हात आपले होते का, हे आधी बघायला हवं. घर आवरताना अशी पेटी निघाली तर कबाड्याच्या आधी मंदिरात निरोप द्या. एवढं आपल्या हातात आहे.

परवा पुन्हा बरखेड्याला गेले तर वहिनींनी जात्यातली नळी काढून टाकली होती. म्हणाल्या, "हळद दळून बघितली. फार जड जातं हो!" आणि हसत खांदा चोळला. माझ्या टीकेचा याहून चांगला परिणाम मला नको.

केरसुणीचं मात्र मनातून जात नाही. मुनिमहाराज घर सोडतात तेव्हा चूल सुटते, जातं सुटतं, उखळ सुटतं. हातात राहतात दोनच वस्तू: कमंडलू आणि पिच्छी. एक पाण्याची, एक जीव न दुखवता जागा झाडण्याची. आपण शोभेला जी लावत नाही, तिचंच रूप शेवटपर्यंत सोबत जातं. आमच्या दाराआडच्या केरसुणीकडे मी आता जरा वेगळ्या नजरेने बघते. फुलं मात्र लावलेली नाहीत. ती अजून कामावर आहे.