दफ्तर आणि वंशवेल : आरंभीच्या नॉर्वेजियन देशांतरितांच्या चरित्रलेखनाची चिकित्सा

इ. स. १८२५ नंतरच्या पहिल्या पंधरा वर्षांत नॉर्वे सोडून अमेरिकेत गेलेल्या लोकांची चरित्रे आणि त्यांच्या वंशजांचा शोध या विषयावर विपुल लेखन झाले आहे. त्यांपैकी रास्मुस बी. अँडरसन यांचा 'फर्स्ट चॅप्टर ऑफ नॉर्वेजियन इमिग्रेशन' (१८९५), थिओडोर ब्लेगन यांचा 'नॉर्वेजियन मायग्रेशन टू अमेरिका' (पहिला खंड, १९३१) आणि जे. हार्ट रोझडेल यांचा 'द स्लूपर्स' (१९६१) हे तीन ग्रंथ पायाभूत मानावे लागतील. या ग्रंथांच्या आधारे देशांतरित शेतकरी आणि त्यांच्या देशातील अधिकारीवर्ग यांच्या परस्परसंबंधाकडे पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. वंशशोधकांनी या दोन वर्गांना दोन निरनिराळ्या कप्प्यांत ठेवले. वास्तविक एकाचे चरित्र दुसऱ्याच्या दफ्तराशिवाय लिहिताच येत नाही.

४ जुलै १८२५ रोजी 'रेस्टाउरेशन' हे अवघ्या एकोणचाळीस टनांच्या आसपासचे गलबत स्टाव्हांगर बंदरातून निघाले. निघताना त्यावर ५२ माणसे होती. ९ ऑक्टोबरला न्यूयॉर्कला पोहोचली ती ५३, कारण प्रवासात लार्स लार्सन गाइलाने याच्या पत्नीला कन्यारत्न झाले. गलबताच्या मानाने प्रवासी फार, म्हणून १८१९ च्या अमेरिकन कायद्यान्वये ते अडकवून ठेवण्यात आले व ३,१५० डॉलर दंड सुनावला गेला. राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स यांनी नोव्हेंबरमध्ये माफी दिली आणि मंडळी ऑन्टारिओ सरोवराकाठच्या केंडल येथे गेली. १८३४ पासून त्यांच्यातील बरेच जण इलिनॉयमधील फॉक्स नदीच्या परिसरात वसले. हा वृत्तांत सर्वच ग्रंथांत येतो. त्यात एक गोष्ट मात्र सहसा अधोरेखित होत नाही : कायदा मोडला गेला, म्हणूनच या सामान्य माणसांची अमेरिकेच्या सरकारी कागदांत इतक्या ठळकपणे नोंद झाली.

नॉर्वेतील स्थितीही याहून फारशी वेगळी नव्हती. गाइलाने हा नेपोलियनकालीन युद्धात इंग्रजांच्या कैदेत पडला, तेथे क्वेकर पंथाकडे वळला आणि १८१४ नंतर परतलेल्या अशाच कैद्यांमुळे स्टाव्हांगरमध्ये या पंथाचे छोटे मंडळ उभे राहिले. गलबतावरील सारेच क्वेकर नव्हते. हाउगे या धर्मोपदेशकाच्या अनुयायांचाही त्यांत समावेश असल्याचे मानले जाते. राजमान्य ल्यूथरपंथी चर्चबाहेरचे विवाह, बाप्तिस्म्याला नकार, चर्चच्या भूमीबाहेर केलेले दफन यांबद्दल अधिकाऱ्यांनी क्वेकरांमागे चौकशीचा ससेमिरा लावला. एलियास तास्ताद याच्यावर तर स्वतःच्या मुलांच्या दफनावरून खटला भरला गेला. भिन्नपंथीयांना कायद्याने मोकळीक मिळाली ती १८४५ मध्ये. आता वंशशोधकाची अडचण अशी की, त्याचा मुख्य आधार असतो चर्चची नोंदवही. आणि जो जितका निष्ठावान क्वेकर, तितका तो या वहीतून गायब. त्याचा माग लागतो तो पंथाच्या स्वतःच्या इतिवृत्तांत किंवा त्याचा छळ करणाऱ्या न्यायदंडाधिकाऱ्याच्या कागदांत.

नावांचा प्रश्न याहूनही बिकट आहे. शेतकऱ्याच्या नावात त्याचे नाव, पित्याचे नाव आणि तो राहत असलेल्या शेताचे नाव असे तीन घटक असत. शेत बदलले की तिसरा घटकही बदले. पिढ्यान्‌पिढ्या चालणारे आडनाव कायद्याने सक्तीचे झाले ते १९२३ मध्ये. त्यामुळे 'बिग्देबोक' म्हणून ओळखले जाणारे तेथील ग्रामग्रंथ कुळानुसार नव्हे, तर शेतानुसार रचलेले असतात. मराठी कुलवृत्तांताची सवय असलेल्या वाचकाला ही रचना प्रथमदर्शनी उलटी वाटेल. अमेरिकेत एकाने पित्याचे नाव आडनाव म्हणून धरले, दुसऱ्याने शेताचे. रोसादाल या शेताचे रोझडेल झाले आणि याच घराण्यातील वंशजाने पुढे 'द स्लूपर्स' लिहिला. याउलट अधिकारी घराण्यांना आडनावे स्थिर होती. पाद्री, न्यायाधीश, डॉक्टर यांची नावे आधी कोपनहेगनच्या आणि १८११ मध्ये स्थापन झालेल्या ख्रिस्तियानियाच्या विद्यापीठाच्या नोंदींत सापडतात. क्येर यांनी १८७३ मध्ये डॉक्टरांची, तर ओव्हेनस्ताद यांनी १९४८-४९ मध्ये लष्करी अधिकाऱ्यांची चरित्रे संकलित केली. थोडक्यात, अधिकाऱ्याचे चरित्र तयारच असते. शेतकऱ्याचे मात्र जुळवावे लागते.

अँडरसन यांचे मोठे श्रेय हे की, जाणती माणसे हयात असतानाच त्यांनी हे जुळवण्याचे काम हाती घेतले. गलबतावर जन्मलेल्या मार्गारेटकडूनही त्यांना माहिती मिळाली. प्रवाशांची नावनिशीवार यादी हे त्यांच्या ग्रंथाचे चिरस्थायी मूल्य होय. तथापि सत्तर वर्षांनंतरच्या आठवणींवर त्यांनी जेवढा विश्वास टाकला, तेवढा टाकता येत नाही. शिवाय ते वादप्रिय लेखक होते. कोलंबसापूर्वी नॉर्स लोक अमेरिकेत पोहोचले, हे १८७४ मध्येच ग्रंथ लिहून मांडणाऱ्या अँडरसन यांना आपल्या लोकांचा आरंभ भव्यच हवा होता. त्यांचे स्वतःचे घराणे मात्र या विषयाचे उत्तम उदाहरण ठरते. त्यांचे वडील ब्योर्न अँडरसन क्वेल्वे हे शेतकरीपुत्र, तर आई फॉन क्रोग या लष्करी अधिकारी घराण्यातील. १८३६ मध्ये हे दांपत्य अमेरिकेला गेले. आईची वंशवेल अधिकाऱ्यांच्या चरित्रकोशात शोधावी लागते, वडिलांची शेताच्या इतिहासात. दोन्ही वेली विस्कॉन्सिनमधील एकाच घरात येऊन मिळतात.

ब्लेगन यांनी पत्रे, वृत्तपत्रे आणि जिल्हाधिकाऱ्यांचे पंचवार्षिक अहवाल यांचा आधार घेऊन हा अभ्यास घराण्याच्या अभिमानातून बाहेर काढला. या दृष्टीने तिन्ही ग्रंथांत त्यांचा ग्रंथ सरस ठरतो. पूर्वज आणि वंशज हीच रोझडेल यांच्या ग्रंथाची चौकट आहे. ती 'रेस्टाउरेशन'पुरती उपयुक्त आहे. परंतु देशांतराच्या इतिहासाला ती सरसकट लावली, तर रक्ताच्या नात्याबाहेरचा प्रभाव निसटतो. ज्याने या मंडळींसाठी आधी जाऊन वाट शोधली, तो क्लेंग पीअरसन मुळी या गलबतावर नव्हताच.

ओले रिनिंगचे उदाहरण तर याहून बोलके आहे. तो स्नोसा येथील पाद्र्याचा, म्हणजे अधिकारीवर्गातील मुलगा. बर्गनचे बिशप नॉयमान यांनी १८३७ मध्ये देशांतरोत्सुक शेतकऱ्यांना सावध करणारे पत्रक काढले, त्याच वर्षी रिनिंग इलिनॉयमधील बीव्हर क्रीक येथे पोहोचला. दलदलीच्या त्या वस्तीत तो १८३८ मध्ये अविवाहित वारला. वंशावळीच्या तक्त्यात त्याच्या नावाखाली रेघ ओढली जात नाही. पण अमेरिकेविषयीचे त्याचे छोटेखानी पुस्तक त्याच वर्षी ख्रिस्तियानिया येथे छापले गेले आणि नॉर्वेच्या खेड्यापाड्यांत वाचले गेले. जमिनीचे भाव, मजुरी, भाषेची अडचण, आजार, गुलामगिरीची प्रथा या सर्वांविषयी त्यात संयमाने लिहिले आहे. हस्तलिखित स्वदेशी नेणाऱ्या आन्स्टेन नात्तेस्तादने पुढे सांगितलेल्या हकीकतीनुसार, मुद्रिते तपासणाऱ्या धर्माधिकाऱ्याने नॉर्वेतील पाद्र्यांच्या असहिष्णुतेवरचे एक प्रकरण गाळून टाकले. अधिकाऱ्याच्या मुलाचा मजकूर अधिकाऱ्यानेच छाटला.

आज नॉर्वेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या 'डिजिटलआर्किवेट' या संकेतस्थळावर चर्चच्या नोंदवह्या, १८०१ पासूनच्या जनगणना आणि १८६७ पासून पोलिसांनी ठेवलेल्या देशांतरितांच्या याद्या विनामूल्य पाहता येतात. जुलै २०२५ मध्ये 'रेस्टाउरेशन'ची प्रतिकृती द्विशताब्दीनिमित्त स्टाव्हांगरहून निघाली, तेव्हा अनेक वंशजांचे लक्ष तिच्याकडे लागले होते. मात्र वंशज आपल्या पूर्वजाला ज्या नावाने शोधतो, त्या नावाचे स्पेलिंग बहुतेक वेळा त्या पूर्वजाने लिहिलेले नसते. ते पाद्र्याने किंवा पोलीस कारकुनाने ऐकून, डॅनिश लेखनपद्धतीत उतरवलेले असते.