निवेदक देव आणि मितभाषी नायिका : 'राजी'च्या निमित्ताने व्हिडिओ गेमच्या दिग्दर्शनाचा विचार

मराठी समीक्षेने नाटक आणि चित्रपट या कलांना आपल्या कक्षेत सामावून घेतले, दूरचित्रवाणी मालिकांचीही कधी नाराजीने तर कधी कौतुकाने दखल घेतली. व्हिडिओ गेम मात्र तिच्या लेखी बहुतांशी पोरखेळच राहिला. परिणामी, महाराष्ट्रात घडलेल्या या प्रकारातील एका महत्त्वाच्या कृतीविषयी जे बोलले गेले ते 'भारतीय खेळ जगात पोहोचला' या अभिमानाच्या स्वरातच प्रामुख्याने बोलले गेले. अभिमान ही समीक्षा नव्हे. पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स' या संस्थेने निर्माण केलेल्या 'राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक' या कृतीतील दिग्दर्शन आणि कथन यांच्या परस्परसंबंधाची चिकित्सा करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

या संस्थेचे सहसंस्थापक व गेम डिझायनर अविचल सिंग यांची कारकीर्द मुख्यतः 'राजी'मुळे ओळखली जाते. श्रुती घोष आणि इयन मॉड हे त्यांचे सहसंस्थापक. 2017 साली किकस्टार्टरवरून लोकांकडून निधी उभारण्याचा त्यांचा प्रयत्न फसला, तरी काम थांबले नाही. ऑगस्ट 2020 मध्ये हा खेळ प्रथम निन्टेन्डो स्विचवर व त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये संगणक आणि अन्य कन्सोलवर प्रसिद्ध झाला. 'द गेम अवॉर्ड्स'च्या 2020 च्या पदार्पण-विभागात त्याला नामांकन मिळाले. अर्थात, नामांकन हे कृतीच्या गुणवत्तेचे एक प्रमाणपत्र असले तरी तिच्या आकलनाचा मार्ग नसते.

कथानक साधे आहे. कसरतीचे खेळ करणाऱ्या राजीचा धाकटा भाऊ गोलू असुरांकडून पळवला जातो. देव तिची निवड करतात, शस्त्रे देतात आणि ती महाबलासुराच्या शोधात निघते. ही सारी कथा दुर्गा आणि विष्णू एकमेकांशी बोलत आपल्याला सांगतात. राजी स्वतः फार थोडे बोलते. या रचनेतच कृतीचे बळ आणि तिची मर्यादा दोन्ही दडलेली आहेत, असे वाटते.

प्रथम बळाकडे पाहू. दिग्दर्शनाची खरी भाषा येथे शब्दांची नसून अवकाशाची आहे. कॅमेरा दूर आणि उंचावर ठेवलेला असतो. भव्य महाल, जलाशय, देवळांचे चौक यांत राजी बोटभर दिसते. ही लहानखुरी आकृती भिंतीवर धावत चढते, खांबाला गिरकी घेऊन शत्रूवर तुटून पडते. आपल्याकडे डोंबाऱ्याच्या खेळात दोरीवरची मुलगी जे शरीराने बोलते, तेच हे बोलणे होय. देवाने दिलेला त्रिशूळ हाती असला तरी त्याला गती मिळते ती रस्त्यावरच्या पोटार्थी कौशल्यातून. दैवी वरदान आणि लौकिक मेहनत यांची ही सांगड कोणत्याही संवादाविना, केवळ खेळणाऱ्याच्या बोटांतून उमगते. दिग्दर्शक म्हणून सिंग यांचे श्रेय येथे निर्विवाद आहे.

मर्यादा निवेदनात आहे. वाटेत ठिकठिकाणी भित्तिचित्रे लागतात. त्यांच्यासमोर राजीला उभे करायचे आणि देवतांच्या कथा ऐकायच्या. कीर्तनाच्या परिभाषेत सांगायचे तर पूर्वरंग पुन्हापुन्हा येत राहतो आणि आख्यान तेवढ्यापुरते खोळंबते. कीर्तनकाराचा पूर्वरंग उत्तररंगाला अर्थ पुरवतो. येथील पुराणकथा राजीच्या दुःखाशी क्वचितच जोडली जाते.

कथेतील काही प्रसंग छायाबाहुल्यांच्या शैलीत दाखवले आहेत. मराठी वाचकाला येथे सिंधुदुर्गातील पिंगुळीची आठवण होणे स्वाभाविक आहे. तेथील ठाकर समाजाने चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्यांचा छायाखेळ ही परंपरा जपली. परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री मिळाल्याने ती नव्याने चर्चेत आली. चित्रकथीत निवेदक एकटा असतो, पण तो पात्रांच्या वर बसलेला नसतो. चित्र पुढे धरून तो क्षणात सीता होतो, क्षणात रावण. पात्राला तो आपला आवाज उसना देतो. 'राजी'ने या परंपरेशी नाते सांगणारे दृश्यरूप घेतले, निवेदकाचे हे औदार्य मात्र घेतले नाही. येथे देव राजी*विषयी* बोलतात. राजी*म्हणून* कोणी बोलत नाही.

या संदर्भात जॉर्डन मेकनर यांची तुलना उद्बोधक ठरते. लेखक आणि खेळरचनाकार या दोन्ही भूमिका निभावणारे ते या माध्यमातील एक प्रमुख नाव. त्यांच्या 1989 च्या 'प्रिन्स ऑफ पर्शिया'तील धावण्या-लटकण्याच्या परंपरेशी 'राजी'चे नाते उघड आहे. 2003 च्या 'द सँड्स ऑफ टाइम'चे कथालेखन मेकनर यांचेच. त्यात राजपुत्र स्वतःच कथा सांगतो. खेळणारा चुकला आणि राजपुत्र मेला, की तो म्हणतो, नाही, असे घडले नव्हते. आणि कथा मागे जाते. खेळणाऱ्याची चूक ही निवेदकाची चूक बनते, माध्यमाचा तांत्रिक नियम कथनाचा अलंकार बनतो. तो ही कथा कोणाला सांगत होता, हे शेवटी कळते : फराह या भारतीय राजकन्येला. (या खेळाच्या नव्या आवृत्तीचे काम 2020 मध्ये युबिसॉफ्टच्या पुणे व मुंबई येथील स्टुडिओंकडे असल्याचे जाहीर झाले होते, 2022 मध्ये ते मॉन्ट्रियलकडे गेले. हा योगायोग बोलका आहे, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.) 'राजी'त नायिका पडली तर खेळ मागच्या टप्प्यावरून सुरू होतो, त्या पडण्याला कथेत स्थान नाही.

एका ठिकाणी मात्र कृती आपली मर्यादा ओलांडते. वर्तुळाकार चित्राच्या कड्या फिरवून तुकडे जुळवायचे, आणि जुळताच राजी-गोलूच्या आठवणीतील एखादे दृश्य साकार व्हायचे, अशी कोडी मध्येमध्ये येतात. आठवण येथे सांगितली जात नाही. ती खेळणाऱ्याला हाताने जुळवावी लागते. माध्यमाला केवळ साधन न मानता त्याच्या स्वभावातून अर्थ काढण्याची क्षमता या दिग्दर्शकापाशी आहे, याचा हा पुरावा होय. ती सर्वत्र वापरली गेली असती तर शेवटही इतका तुटक भासला नसता.

मग देवांनी एवढे का सांगावे? 2020 मध्ये हे निवेदन इंग्रजीत होते. दुर्गा कोण, विष्णू कोण हे ठाऊक नसलेला श्रोता गृहीत धरला की स्पष्टीकरण वाढते. 2022 च्या सुधारित आवृत्तीत हिंदी आवाज आले आणि गृहीत श्रोत्याचा प्रश्न अधिकच उघडा पडला. भाईंदर पूर्वेसारख्या वस्तीत मराठी, हिंदी, गुजराती बोलणारी मुले नवरात्रीत एकाच मंडपात नऊ रात्री घालवतात. त्यांतील एखाद्या विद्यार्थ्याला दुर्गा स्वतःच, त्याला समजणाऱ्या भाषेत, आपली ओळख करून देते तेव्हा भाषा जवळ येते आणि सांगण्याचा रोख परका राहतो. भाषांतराने आवाज बदलला, श्रोता बदलला नाही. त्या विद्यार्थ्याला दुर्गेची कथा आधीपासून ठाऊक आहे. त्याला ठाऊक नाही ते राजीच्या मनात काय चालले आहे, आणि त्याविषयी दोन्ही भाषांतील निवेदन सारखेच मौन पाळते.