खाडाखोड करणारा हात

‘मराठी कादंबरीतील पुढारी’ या विषयावर दिवाळी अंकासाठी काही लिहा, असे संपादकांचे पत्र आले, तेव्हा मला मनातून बरे वाटले. पुढाऱ्यांना नावे ठेवणे हा आपल्याकडे चकलीइतकाच खुसखुशीत पदार्थ आहे. ताटात पडला की कोणी नको म्हणत नाही. शिवाय मी स्वतः एक राजकीय कादंबरी लिहून मोकळा झालेला. परंतु लिहायला बसलो आणि पहिल्याच पानावर अडलो. का अडलो, तेच वाचकांना सांगतो.

आपल्या मनातला पुढारी मुख्यतः दोन चित्रपटांनी आणि त्यांतल्या एकामागच्या कादंबऱ्यांनी घडवला आहे. अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या कादंबऱ्यांवरून जब्बार पटेलांनी ‘सिंहासन’ काढला. त्याआधी विजय तेंडुलकरांनी लिहिलेला ‘सामना’ त्यांनीच पडद्यावर आणला होता. ‘सामना’त एका बाजूला साखर कारखान्याचा धनी हिंदुराव धोंडे पाटील आहे आणि दुसऱ्या बाजूला दारूच्या आहारी गेलेला एक मास्तर. नाहीशा झालेल्या एका माणसाची चौकशी हा मास्तर काही केल्या सोडीत नाही. मी मास्तर असल्यामुळे असेल, पण त्या मास्तरच्या मागोमाग मी कितीदा तरी मनाने हिंडलो आहे.

मात्र अलीकडे तो पुन्हा पाहताना एक गोष्ट लक्षात आली. त्या मास्तरला ना नोकरी, ना घरदार. त्याची बदली कोणी करू शकत नाही, त्याचा पगार कोणी अडवू शकत नाही. म्हणून तो विचारू शकतो. ‘सिंहासन’मधला दिगू टिपणीसही असाच. तो पत्रकार, सारे पाहतो आणि शेवटी त्याच्या मनाचा तोल जातो. पण पापात त्याचा हात नाही. दोन्हीकडे गुन्हा करणारा एका काठावर आणि पाहणारा दुसऱ्या काठावर. कलाकृती म्हणून या दोन्ही थोर आहेत, त्यांची उंची कमी करण्याचा माझा हेतू नाही. पुढे त्यांच्या वाटेने गेलेल्या आम्हा लेखकांनी मात्र फक्त साचा उचलला. पांढरी टोपी, जीप, कडक इस्त्री, मागेपुढे चार गुंड. वाचक पुस्तक मिटतो आणि हात धुऊन फराळाला बसतो. कारण त्या पुस्तकात त्याचा स्वतःचा हात कुठेच नसतो.

आता प्रत्यक्षात काय घडते ते पाहू. त्यासाठी मला मुंबईला जायला नको, आमचा लातूर जिल्हाच पुरे आहे. निलंग्याचे शिवाजीराव पाटील निलंगेकर १९८५ साली महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले आणि १९८६ च्या मार्चमध्ये त्यांना पायउतार व्हावे लागले. त्यावेळी मी पाच-सहा वर्षांचा, पाटीवर अक्षरे गिरवीत होतो. कारण काय? खून नव्हे, दरोडा नव्हे. मुंबई विद्यापीठाच्या एम. डी. परीक्षेत त्यांच्या कन्येचे गुण वाढवले गेले, अशी तक्रार त्याच परीक्षेत नापास झालेल्या एका डॉक्टरने उच्च न्यायालयात नेली आणि न्यायालयाने कडक ताशेरे ओढले. पुढे अपिले झाली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. मुख्यमंत्र्यांनी स्वतः सांगून हे करवले की नाही, यावर न्यायालयांचे एकमत राहिले नाही. तेच गृहस्थ पुढे पुन्हा निवडूनही आले. २०२० साली वारले.

या हकिकतीत माझ्यातल्या मास्तरला जे दिसते ते कादंबरीकाराला दिसत नव्हते. ज्या जिल्ह्याचे नाव पुढे ‘लातूर पॅटर्न’मुळे गुणांसाठीच राज्यभर गाजले, त्या जिल्ह्याच्या मुख्यमंत्र्याची खुर्ची गेली तीही गुणांपायीच! पण गुण मुख्यमंत्री देत नसतो. गुण परीक्षक देतो. आकडा बदलला असेल तर तो कोणाच्या तरी पेनाने, कोणाच्या तरी टेबलावर, कदाचित चहाचा कप बाजूला सारून बदलला गेला. सांगणारा कोणीही असो, करणारा हात एका शिकलेल्या, पगारदार, घरी मुलेबाळे असलेल्या माणसाचा होता. तो हात मराठी कादंबरीत कुठे आहे?

दुसरी प्रकरणे पाहा. १९५१ साली हंगामी संसदेतील मुंबईचे सभासद एच. जी. मुद्गल यांनी सोने-चांदीच्या व्यापाऱ्यांच्या संघटनेकडून पैसे घेतल्याचे उघडकीस आले. बॅरिस्टर अंतुल्यांना १९८२ च्या जानेवारीत मुख्यमंत्रिपद सोडावे लागले ते सिमेंटच्या वाटपापायी. इमारती बांधणाऱ्यांनी प्रतिष्ठानाला देणग्या दिल्या आणि त्यांना टंचाईच्या काळात सिमेंट मिळाले, असे ते प्रकरण. २००५ च्या डिसेंबरात प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्याबद्दल संसदेने आपले अकरा सभासद काढून टाकले. त्यांत आपल्याकडचे दोघे होते, जळगावचे वाय. जी. महाजन आणि एरंडोलचे अण्णासाहेब पाटील. या साऱ्या प्रकरणांचा ऐवज पाहा : पावती, परवाना, धनादेश, छापील प्रश्न, गुणांचा कागद. सगळा कारकुनी माल. आणि प्रत्येक कागदाला दोन टोके. एका टोकाला निवडून आलेला माणूस; दुसऱ्या टोकाला देणारा, लिहिणारा, शिक्का मारणारा, म्हणजे आपल्यापैकीच कोणीतरी.

आता माझ्या टोकाकडे येतो.

मी मॅट्रिक. वस्तीशाळेवर लागलो आणि मास्तर झालो. जळकोटच्या आसपासच्या एका वस्तीवर, पत्र्याच्या एका खोलीत चार इयत्ता. २००७ सालच्या जूनमध्ये एक ग्रामपंचायत सदस्य आपल्या धाकट्या मुलाला घेऊन आला. महाराष्ट्रात नियम असा आहे की, १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरे मूल जन्मले तर पंचायतीचे सभासदत्व राहत नाही. हा मुलगा तिसरा, आणि जन्म २००२ च्या माघातला. मी कादंबरीत रंगवलेल्या पुढाऱ्यासारखा तो मुळीच नव्हता. जीप नव्हती, गुंड नव्हते; मळकी टोपी हातात चुरगाळीत तो दाराशी उभा राहिला. म्हणाला, “गुरुजी, निस्तं म्हयना-साल मागं घ्या. लेकराचं काय नुकसान हाय का? आन् पत्र्याचं मी बघतो.”

पत्रे गळत होते. पावसाळ्यात मी पोरांना एका कोपऱ्यात गोळा करून पाढे म्हणवून घेत असे. मी दाखल-खारीज रजिस्टर उघडले आणि जन्मतारखेच्या रकान्यात ऑगस्ट २००१ मधली एक तारीख लिहिली. खाडाखोडही करावी लागली नाही. पहिल्याच फटक्यात सुवाच्य अक्षरात खोटे लिहिले. पंधरा दिवसांत पत्रे आले. ते आजही आहेत, गळत नाहीत.

पुढे माझी कादंबरी निघाली. तिच्यातला सरपंच अट्टल हरामखोर आहे. वाचकांची पत्रे आली, कौतुक झाले. प्रकाशनाच्या समारंभात शाल-नारळ द्यायला पुढे आला तो हाच सदस्य. त्याने पुस्तक वाचले होते. “काय सोलून काढलाव गुरुजी एकेकाला!” असे तो मनापासून म्हणाला. त्याला स्वतःचे चित्र त्यात दिसले नाही, कारण ते नव्हतेच. आणि माझे तर त्याहून नव्हते.

कोणी म्हणेल, मास्तर, हे पुढाऱ्याचे पाप धुऊन काढणे झाले. सगळेच दोषी म्हटले की कोणीच दोषी राहत नाही. ही शंका रास्त आहे, आणि तिला उत्तर देणे भाग आहे. निवडून आलेल्या माणसाचा दोष मोठाच, कारण नियम करण्याचा अधिकार आपण त्याच्या हाती दिलेला असतो. जो नियम मोडून तो सभासद राहिला, त्याच नियमाने गावातल्या दुसऱ्या कोणाला घरी बसावे लागले असेल. मुद्गलांच्या वेळी चौकशी समितीचा ठराव खुद्द पंडित नेहरूंनी, म्हणजे त्यांच्याच पक्षाच्या पंतप्रधानांनी, मांडला होता. ती लाज पुढे किती सभागृहांत शिल्लक राहिली, हे वाचकांनीच ठरवावे. तेव्हा शिक्षा त्याला व्हावी, पहिली व्हावी. माझे म्हणणे वाङ्मयापुरते आहे. न्यायालयाला आरोपी एक असला तरी चालतो. कादंबरीला चालत नाही. कादंबरीने साऱ्या हातांचा हिशेब मांडायचा असतो. आमच्या राजकीय कादंबरीने आम्हाला फार लवकर निर्दोष सोडले, ही माझी तिच्याविषयी तक्रार आहे, आणि त्यात माझी स्वतःची कादंबरी पहिली.

तो मुलगा आता तेवीस-चोवीस वर्षांचा आहे. माझ्या हाताने लिहिलेली तारीख त्याच्या टी. सी. वरून बोर्डाच्या प्रमाणपत्रावर गेली, तिथून आधार कार्डावर. दर ऑगस्टात मित्र चौकात त्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लावतात. त्याची आई मात्र त्याला माघात ओवाळते, घरातल्या घरात, दार लोटून. दिवाळीच्या पाडव्याला तो मला नमस्काराला येतो. मी त्याला शंभर वर्षांचा हो म्हणतो. ती कोणत्या तारखेपासून मोजायची, हे त्याला ठाऊक आहे आणि मलाही.

संपादकांना हवा होता तसा लेख यात उतरला की नाही, मला ठाऊक नाही. या दिवाळीत मी ती कादंबरी पुन्हा लिहायला घेतली आहे. पहिले प्रकरण झाले. त्यात पाऊस आहे, गळके पत्रे आहेत, एक रजिस्टर आहे आणि एक मास्तर. सरपंच अजून आलेला नाही.