ईश्वर : कशाचा स्वामी?

'ईश्वर' या शब्दाला मराठीत आपण सहज 'देव' म्हणतो. दर्शनग्रंथ वाचताना ही सवय अडचणीची ठरते. शब्दाच्या मुळाशी 'ईश्' धातू आहे. अर्थ, सत्ता चालवणे. पाणिनीच्या सूत्रांत 'ईश्वर' येतो तो स्वामी आणि समर्थ या अर्थांनी. तेथे पूजेचा गंधही नाही.

हे सामर्थ्य नेमके कशावर, याविषयी दर्शनकारांत एकमत नाही. पतंजलीच्या योगसूत्रांतील ईश्वर म्हणजे क्लेश, कर्म आणि कर्मफळ यांचा स्पर्श नसलेला विशेष पुरुष. तो पूर्वीच्या गुरूंचाही गुरू आहे. पण सूत्रे त्याला जगाचा कर्ता म्हणत नाहीत. उदयनाचार्यांच्या 'न्यायकुसुमांजली'त मात्र तो कर्ताच आहे. घड्याला जसा कुंभार, तसा जगाला ईश्वर. परमाणू मात्र त्याने निर्मिलेले नाहीत. शंकराचार्यांच्या मते मायेच्या उपाधीने युक्त ब्रह्म म्हणजे ईश्वर. परमार्थतः तो भेदही उरत नाही. कुमारिल भट्टांनी तर वेद प्रमाण मानूनही जगत्कर्ता नाकारला.

या सर्वांसाठी एकच 'देव' वापरणारा अनुवाद त्यांचा मूळ वादच झाकून टाकतो. म्हणून अनुवादात 'ईश्वर' तसाच ठेवावा आणि वाचकाने दरवेळी विचारावे, हा कशाचा स्वामी?