जिन्यावरचे संभाषण

विल्यम पीटर ब्लॅटी यांची ‘दि एक्झॉर्सिस्ट’ ही कादंबरी १९७१ सालची. विल्यम फ्रीडकिन दिग्दर्शित चित्रपट १९७३ चा. पटकथा ब्लॅटींचीच, तरीही दोहोंचा आत्मा एक नाही, असे आम्हांस वाटते. श्रद्धा डळमळलेले येशूसंघीय धर्मगुरू फादर कॅरस मानसोपचारतज्ज्ञही आहेत. झपाटलेल्या मुलीच्या प्रत्येक लक्षणाला ते वैद्यकीय कारण शोधतात आणि कादंबरीचा वाचक बराच काळ त्यांच्यासोबत साशंक राहतो. पडद्यावर मुलीची मान पाठीकडे वळलेली दिसते; डोळ्यांनी पाहिल्यावर शंका कोण घेणार?

खरी हानी संकलकाच्या कात्रीने केली. सैतानाचा रोख मुलीवर नसून तिला पाहणाऱ्यांवर आहे, आपण देवाच्या प्रेमास अपात्र आहोत ही निराशा त्याला आपल्यात रुजवायची आहे, हे वृद्ध फादर मेरिन यांचे विवेचन १९७३ च्या चित्रपटात नाही. तेथे दोघे धर्मगुरू जिन्यावर नुसतेच बसतात. २००० सालच्या आवृत्तीत ते परतले, तेही त्रोटक. हा धागा तुटल्यामुळेच कॅरस यांची खिडकीतून उडी कित्येक प्रेक्षकांना सैतानाचा विजय वाटली. कादंबरीत ती झुंज आपण पाहत नाही, खालच्या मजल्यावरून केवळ ऐकतो. पायऱ्यांच्या तळाशी मरणासन्न कॅरस फादर डायर यांचा हात दाबून पापनिवेदन करतात, तो क्षण मात्र चित्रपटानेही जपला आहे.