चार हजार ग्रॅमची होडी

होडी या विषयाशी माझा संबंध पावसाळ्यात चाळीच्या पन्हाळीखाली सोडलेल्या कागदी होडीपुरता. त्या खेळाला नियम एकच होता : होडीसाठी फाडायची वही आपली नसावी. हा नियम कुठं लिहिलेला नव्हता, पण तो मोडल्याचं मला आठवत नाही.

गेल्या वर्षी भाच्यानं तिकीट पाठवलं म्हणून इंग्लंडला जाऊन आलो. त्याचं घर पोर्ट्समथजवळ. रविवारी सकाळी म्हणाला, "मामा, तळ्यावर चला. होड्यांची शर्यत आहे." जाऊन पाहतो तर होड्या पाण्यात आणि माणसं काठावर! वीसेक गृहस्थ, बहुतेक पेन्शनीत गेलेले, छातीशी एकेक डबा धरून, त्यावरची काडी बोटानं हलवत, एकाच दिशेला टक लावून उभे. बँकेत कॉम्प्युटर बंद पडला की आम्ही काउंटरमागं अगदी असेच उभे राहतो.

होडी मीटरभर लांब. मोटार नाही, धावायचं ते वाऱ्यावर. काठावरच्या डब्यातून रेडिओनं तिला दोनच हुकूम जातात : सुकाणू वळव आणि शिडाची दोरी ओढ किंवा सोड. या जातीला 'इंटरनॅशनल वन मीटर' म्हणतात. तिचा जन्म 1988 सालचा.

दुपारी सँडविचच्या सुट्टीत दोन गृहस्थांचं जुंपलं. इंग्रज भांडतो तेव्हा आवाज खाली नेतो, त्यामुळं भांडण आहे हे कळायला मला वेळ लागला. प्रश्न असा : डोलकाठी कार्बनची करायला परवानगी द्यावी की नाही? नियमात ती ॲल्युमिनियमची किंवा लाकडाची. मला वाटलं, घ्या लेको कार्बनची, कुणाचं काय जातंय! तसं बोलून दाखवल्यावर भाच्यानं मला बाजूला घेतलं आणि नियमांचं पुस्तकच हाती ठेवलं. "मामा, आधी हे वाचा."

रात्री बसून वाचलं. मी बी. कॉम.; पुस्तकावर अभिप्राय देण्याची माझी लायकी पासबुकापुरती. तरी सांगतो, या पुस्तकाइतकी माणसाची पारख फार थोड्या कादंबऱ्यांत असेल. लेखकानं पहिल्यापासून गृहीत धरलंय की वाचक लबाड आहे. म्हणून सुरुवातीलाच बजावलंय : जे करायला चालेल असं इथं स्पष्ट लिहिलेलं नाही, ते करायचं नाही. याला ते लोक 'बंद' नियम म्हणतात. 'खुले' नियम म्हणजे, जे मना केलेलं नाही ते चालतं. आमचं ऑफिस बंद नियमांवर चालतं आणि साहेब खुल्या, हे मला वीस वर्षांच्या नोकरीनंतर या पुस्तकातून उमगलं.

मग आकडे. लांबी 1000 मिलिमीटरच्या वर नाही. वजन 4000 ग्रॅमच्या खाली नाही. पाण्याखालचं पातं आणि त्याला लटकणारा शिशाचा गोळा मिळून 2500 ग्रॅमच्या वर नाही. शिडांचे तीन संच, त्यांची मापं ठरलेली. अंगाचा आकार मात्र ज्यानं त्यानं आपल्या डोक्यानं काढावा.

यातली वजनाची अट मला फार आवडली. हलकी होडी जास्त पळते, आणि हलकेपणा पैशानं विकत मिळतो. म्हणून चार किलोंची रेघ. तरीसुद्धा लोक काय करतात? जिवाचं रान करून, पैसे ओतून होडीचं अंग हलकं करतात आणि मग वजन भरायला आत शिशाचे तुकडे चिकटवतात! का, तर तेच वजन खाली आणि मध्यावर ठेवलं की होडी कमी कलते, कमी डुलते. नियमाची रेघ न ओलांडता तिच्यावर बसून पाय पलीकडं सोडायचे, ही कला फक्त आपल्याकडंच आहे हा माझा गैरसमज त्या रात्री गेला.

पुस्तकात दोष नाहीत असं नाही. कार्बन अंगाला चालत नाही, डोलकाठीला चालत नाही, पण पाण्याखालच्या पात्याला चालतो. हे सोवळं आमच्या आजीच्या सोवळ्यासारखंच. कांदा घरात चालायचा, ताटात चालायचा, फक्त तिच्या चुलीवर चालत नसे. दुसरं कलम असं की होडीनं काठावर माहिती पाठवायची नाही. हुकूम ऐकायचा, उलट बोलायचं नाही. (हे कलम मी घरी वाचून दाखवलं. परिणाम लिहीत नाही.) जुन्या रेडिओत प्रत्येकाचं वेगळं क्रिस्टल असे, आणि दोघांचं एकच निघालं तर एकाच्या डब्यानं दुसऱ्याची होडी वळायची. पुढं 2.4 गिगाहर्ट्‌झचे संच आले, तो घोळ मिटला. पण या नव्या संचांपैकी कित्येक आपण होऊन बॅटरी किती उरली वगैरे उलट कळवतात. आता हे बोलणं धरायचं की नाही? नियम लिहिणारा बिचारा झोपलेला असतो, यंत्र तेवढं जागं.

पण खरा प्रश्न डोलकाठीचाच. कार्बनवाल्याचं म्हणणं खोटं नव्हतं : ॲल्युमिनियमची नळी टकरीत वाकते आणि एकदा वाकली की गेली. कार्बन टिकतो, म्हणजे शेवटी स्वस्तच. समोरचा म्हातारा इतकंच म्हणाला, "तुझं बरोबर आहे. पण ज्या दिवशी ती चालेल, त्या दिवशी ती लागेल."

चालेल आणि लागेल! या दोन शब्दांत या खेळाचा सगळा इतिहास आहे. 1930 साली अमेरिकेत 'मार्बलहेड' जात निघाली : लांबी 50 इंच, शिडं 800 चौरस इंच, बाकी बरंच मोकळं. मोकळ्या जागेत पैसा शिरतोच. पुढं साध्या माणसाला परवडावी म्हणून वन मीटर आली. तीही महाग होत गेली, तेव्हा 650 मिलिमीटरची 'ड्रॅगनफोर्स' निघाली. डबा उघडा, जोडा, आणि कृपा करून सुधारणा करू नका. प्रत्येक स्वस्त होडीच्या पोटात एक महाग होडी असते. नियमाचं काम तिला बाहेर येऊ न देणं. म्हणून नियमबदलाला माझा एकच प्रश्न : होडी किती पळेल हे राहू द्या, या बदलानंतर पुढच्या रविवारी तळ्यावरून कोण कमी होईल?

त्या म्हाताऱ्याची होडी लाकडाची होती, हिवाळाभर बसून स्वतः केलेली. दुपारच्या शर्यतीत तिला एक टक्कर बसली. त्यानं ती बाहेर काढली, वाकलेली डोलकाठी गुडघ्यावर ठेवून अंदाजानं सरळ केली, एक डोळा मिटून पाहिली आणि होडी पुन्हा पाण्यात सोडली. नंबर शेवटून दुसरा आला. पण तो तळ्यावर होता.

परत येताना विमानात आमच्या पन्हाळीची आठवण झाली. आमचा नियम तसा वाईट नव्हता. वही कुणाचीच स्वतःची नसल्यामुळं सगळ्यांच्या होड्यांचा कागद सारखा असायचा.